पुण्याची दगडी इमारत आणि आपली शेड

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सरांनी पोटात घालावं!

दरवर्षी 15 सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, दोन भाषणं होतात, समोसे येतात. ते शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, 1883 ला पास झाले. तिथली जुनी दगडी इमारत मागच्या दिवाळीत मी पहिल्यांदा पाहिली. 5 ऑगस्ट 1865 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तिचा पायाभरणीचा दगड बसवला. 2022 मध्ये कॉलेजचं विद्यापीठ झालं, इमारत तिथेच. मी बघतच राहिले तर मैत्रीण म्हणते, "काहून एवढं पाहून रायली? दगडाचीच त आहे!"

खरं सांगायचं तर नुसत्या अभिमानाने मलाही भरून येत नाही. 1854 मध्ये तो वर्ग निघाला तो इमारती, धरणं, कालवे, रेल्वे यांच्या कामावर इंग्रजांना हाताखालची माणसं पाहिजे होती म्हणून. साहेब वर, आपण खाली. पण तिथूनच निघालेल्या माणसाने 1903 मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, हेही तितकंच खरं.

आणि आपल्या भंडाऱ्यात? कोहळी लोकांनी कुठलंही कॉलेज न पाहता तलाव बांधले, त्याच मामा तलावांवर आजही धान पिकतो. त्या पाळीची लेव्हल आपल्यापैकी किती जणांनी घेतली? आपलं सर्व्हेइंग व्हॉलीबॉल ग्राउंडवर होतं आणि रीडिंग सिनियरच्या फील्ड बुकातून येतात. (माझीही आली. उगाच साव बनत नाही!)

आता मुद्दा. आपलं जुनं वर्कशॉप म्हणजे मूळची राईस मिलची शेड. वर सागवानी कैच्या, कौलं. एप्रिलमध्ये ती पाडून पार्किंग होणार म्हणतात. माझे आजोबा सुतार, गॅदरिंगला आले तेव्हा कार्यक्रम सोडून त्या कैचीचे सांधे बघत उभे होते. "खिळा कमीच आहे बाई यात," म्हणाले. आम्ही स्टीलचा ट्रस सोडवतो, लाकडाचा सांधा एकानेही उघडून पाहिलेला नाही.

शेड ठेवा असं मी म्हणत नाही, गाड्याही उन्हातच असतात. पण पाडण्याआधी थर्ड इयरच्या प्रॅक्टिकलला तिची मापं घेऊ द्या, शीट काढू द्या, एक कैची उतरवून लॅबमध्ये ठेवा. टेप आणि लेव्हल स्टोअरमध्ये आहेत. चावी लॅबच्या काकांकडे असते, मी विचारून आले.