शिवणाच्या तासाला मुलगे कुठे असतात?

गांधीजींनी १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला, तो मुलगे-मुली दोघांसाठी. आपल्याकडे मात्र शिवण म्हणजे मुलींचे रुखवत, एवढेच राहिले. मला वाटते, वर्गाने वस्तीसाठी शिवावे : पाळीच्या सुती घड्या, तान्ह्या बाळांची दुपटी. घडीला टाके घालताना मुलगे पाळीबद्दल विचारतील आणि विटाळाची वीण उसवू लागेल.

पण मैत्रिणींनो, एक धोका आहे. 'सेवा' म्हटले की बाईचे श्रम फुकट धरले जातात. वर्धा योजनेत मुलांच्या हातच्या वस्तूंतून शिक्षकांचा पगार निघावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे श्रमाला दाम होते. म्हणून वहीत कापड, दोरा, तास आणि मजुरी लिहायला लावा. वस्तू मोफत वाटा, श्रमाचा हिशेब मात्र सोडू नका.