हंगामाची भाजी आणि आपले ताट

गेल्या चतुर्थीच्या आधी वर्गात आम्ही एक साधा प्रश्न विचारला. गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात, तीत काय काय असते? मुलांनी मोठ्या उत्साहाने सांगण्यास प्रारंभ केला. नारळ, सुपारीचा घोस, केळ्यांचा घड, तोरिंजन, चिबूड, काकडी, इथपर्यंत वर्ग धावत आला. कवंडळाचे नाव दोघातिघांनी घेतले. त्यापुढे सारे स्तब्ध. मग मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "बाकीचे बाबा बाजारातून आणतात. त्याची नावे त्यांनाही ठाऊक नाहीत." वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु घरी जाताना ते उत्तर मनातून जाईना.

माटोळी म्हणजे भाद्रपदातल्या रानाचे आणि परसाचे हजेरीपत्रकच होय. त्या दिवसांत आपल्या भूमीत जे जे उगवले, ते ते देवापुढे हजर करावयाचे. त्या हजेरीतील नावेच जर आपणांस येईनाशी झाली, तर ती फळे रानात असूनही आपल्यापुरती नाहीशी झाली असेच म्हणावे लागेल. आणि जी गोष्ट माटोळीची, तीच रोजच्या ताटाची.

आमच्या घरची बोली कोंकणी. पहिला पाऊस पडून आठपंधरा दिवस झाले, की आमची आजी टोपली घेऊन कुंपणापाशी जाई आणि तायकिळ्याचे कोवळे शेंडे खुडून आणी. मराठीत यासच टाकळा म्हणतात. पाला बारीक चिरावा, थोड्या तेलावर कांदा व हिरवी मिरची परतून त्यात तो घालावा, उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या उकडून त्यात मिसळाव्या आणि उतरताना ओले खोबरे पेरावे. आठळ्या आधी उकडलेल्या असल्या, म्हणजे सारे काम अर्ध्या तासाचे. ही भाजी खाण्याचे दिवसही मोजके, कारण झाड वाढून फुलावर आले, की पाला निबर व कडवट होतो. म्हणून ती वेळेवर ओळखावी लागते, आणि ओळखणारे माणूस घरात असावे लागते.

तेऱ्याचे तसेच. या रानटी अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांमुळे घसा खाजतो. आंबाडे किंवा भिरंडीची सोले घालून ते चांगले शिजविले, म्हणजे खाज बसते. पावसाळ्यात तेरे उगवते आणि त्याच सुमारास आंबाडेही झाडास लागतात, हा योग आजीने कधी पुस्तकात वाचला नव्हता. आम्ही मात्र पुस्तके वाचून पदवीधर झालो आणि पहिल्यांदा स्वतः तेरे रांधले तेव्हा आंबट घालण्यास विसरलो. त्या सायंकाळी घरातील कोणीही फारसे बोलले नाही!

पाऊस सरला, की तांबडी भाजी, मुळा, अळसांदे यांचे दिवस येतात. उन्हाळ्यात ओल्या काजूबियांची उसळ, कैरीचे लोणचे, कोवळ्या फणसाची भाजी. वैशाखात भिरंडीच्या साली मीठ लावून वाळवावयाच्या, सुके बांगडे आणि सुकी सुंगटे भरून ठेवावयाची, कारण पुढे समुद्र खवळणार. या साठवणीस आपण पुरुमेंत म्हणतो. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, पण गरज येथल्या पावसाची. आजही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत बर्फातील मासळीसाठी अडून बसण्यापेक्षा सुक्या सुंगटांची किसमूर आणि टाकळ्याची भाजी यांवर जेवण सुखाने होते, हा आमचा अनुभव आहे.

यावर कोणी म्हणेल, आता बारा महिने सर्व भाज्या मिळतात, ही प्रगती नव्हे काय? प्रगती आहेच. घाट उतरून बेळगावकडून येणाऱ्या भाजीच्या गाड्यांवर आपल्या कित्येक घरांची चूल चालते, आणि ती पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे ऋण आम्ही मानतो. परके म्हणून काही नाकारावे असेही आमचे मत नाही. मिरची, काजू आणि अननस ही पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आलेली. आज त्यांवाचून आपले स्वयंपाकघर ओळखू येणार नाही. आमची तक्रार निराळी आहे. भर पावसात दूरवरून आलेली, निम्मी कुजलेली मेथीची जुडी आपण जास्त पैसे मोजून घेतो आणि दारात फुकट उगवलेला टाकळा गवत म्हणून उपटून टाकतो, हे शहाणपणाचे नव्हे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खेड्यांतल्या बायका जमिनीवर बसून गावठी भाजीचे वाटे मांडतात. तो वाटा कोणी विचारला नाही, तर पुढील वर्षी ती बाई ती भाजी आणणार नाही. आणि तिच्या मुलीस ती ओळखताही येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो आमच्याच घरातून आला. "हे सर्व निवडायचे, चिरायचे, वाटायचे कोणी?" आजीच्या स्वयंपाकाचे गोडवे गाताना आपण एक विसरतो, की तिचा सारा दिवस चुलीपाशी गेला. आजची आई कचेरीतून किंवा शाळेतून सायंकाळी थकून येते. हंगामाच्या भाजीचा उपदेश जर केवळ तिलाच करावयाचा असेल, तर तो न केलेला बरा. म्हणून आमचे म्हणणे असे, की हे काम घरातील सर्वांचे झाले पाहिजे, आणि मुलगे त्यातून सुटता कामा नयेत. जो विद्यार्थी भूमितीतील वर्तुळ बिनचूक काढतो, त्यास भाजी निवडता येऊ नये, असे काही कारण आम्हांस दिसत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. रानातले सर्वच खाण्याजोगे नसते. विशेषतः अळमी जाणत्या माणसाने ओळखल्यावाचून कोणी तोंडात घालू नयेत. काही जाती विषारी असतात. आणि वारुळावरची सारी अळमी एकदम ओरबाडूनही आणू नयेत. घेताना काही मागे ठेवावे, ही रीत रानाने शिकविलेली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आमची सूचना लहानशी आहे. एक कोरी वही घ्या आणि तिची बारा महिन्यांची बारा पाने आखा. त्या त्या महिन्यात घरी कोणती गावठी भाजी, फळ वा मासळी आली, तिचे कोंकणी नाव काय, मराठी नाव काय, ती कोठून आली आणि कशी शिजविली, हे आजीस, आईस, शेजारच्या काकींस विचारून लिहा. निदान रविवारी एक भाजी स्वतः निवडा आणि चिरा. बोट कापले तर चिंधी बांधा आणि पुन्हा बसा.

पुढच्या चतुर्थीपूर्वी आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. त्या मागच्या बाकावरील मुलाने आताच वही घातली आहे आणि तिच्यात सतरा नावे झाली आहेत, असे तो परवा सांगून गेला. त्यांतील तीन आम्हांसही ठाऊक नव्हती. ती आम्ही आमच्या वहीत उतरून घेतली.