‘पॉलिटिकली मोटिव्हेटेड’ : हे उत्तर की पळवाट?

नेत्यावर गुन्हा दाखल झाला, की लगेच प्रतिक्रिया येते, ‘कारवाई पॉलिटिकली मोटिव्हेटेड आहे.’ याचा नेमका अर्थ काय?

‘पॉलिटिकली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण. अर्थ ‘राजकीयदृष्ट्या’ किंवा ‘राजकीय कारणाने’. ‘पॉलिटिकली करेक्ट’ म्हणजे कोणत्याही समाजघटकाला न दुखावणारे, सांभाळून केलेले बोलणे. ‘पॉलिटिकली मोटिव्हेटेड’ म्हणजे राजकीय हेतूने प्रेरित.

खरी मेख इथेच आहे. हा शब्द कारवाई का झाली, एवढेच सांगतो. पैसे खाल्ले की नाही, हे सांगत नाही. हेतू राजकीय आणि आरोप खरा, हे दोन्ही एकाच वेळी असू शकते.

हरियाणाचे माजी मुख्यमंत्री भजनलाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हाच फरक स्पष्ट केला. तक्रारदार राजकीय विरोधक आहे, एवढ्यावरून तक्रार निकालात काढता येत नाही. पुरावा तपासावा लागतो. मात्र, निव्वळ सूडापोटी केलेली, उघड आकसाची कारवाई न्यायालय रद्द करू शकते, हेही त्याच निकालात आहे.

पक्ष बदलताच फाईल थंडावली, तर आकसाचा संशय बळावणारच. पण त्याने मूळ आरोप धुऊन निघत नाही. म्हणून हा शब्द कानावर पडला, की मतदाराने दोन प्रश्न विचारावेत. आकसाचा पुरावा काय? आणि आरोपाला उत्तर काय? बहुतेक वेळा दुसरा प्रश्न तसाच राहतो.