'दुय्यम' नट आणि धाराशिवचें ऋण

मराठी नाट्यव्यवहारांत एक शब्द फार दिवस बिनदिक्कत वावरत आहे, आणि त्याची झडती घेण्याची वेळ आतां आली आहे. तो शब्द म्हणजे 'दुय्यम भूमिका'. जाहिरातींत, परीक्षणांत, पारितोषिकांच्या याद्यांत आणि दिवाणखान्यांतल्या गप्पांतही हा शब्द आपण इतक्या सहजतेनें उच्चारतों कीं, त्यानें कोणाचा अपमान होत असेल अशी शंकाही मनास शिवत नाहीं. नायक-नायिका पहिल्या प्रतीचीं, बाकीचीं सारीं दुसऱ्या प्रतीचीं, हा न्याय धान्याच्या बाजारांत शोभेल. नाटकास तो लावला कीं नाटक कळेनासें होतें, आणि तो असाच लावीत राहिलों तर पुढें नाटक उरणारही नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें आम्ही येथें एका नटाच्या आयुष्याच्या आधारें मांडणार आहों.

तो नट म्हणजे कै. जयंत सावरकर. एप्रिल २०१७ मध्यें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचें ९७ वें अधिवेशन धाराशिव येथें भरलें. त्या वेळीं शहराचें सरकारी नांव उस्मानाबाद होतें; धाराशिव हें जुनें नांव त्यास २०२३ सालीं सरकारी रीतीनें परत मिळालें. या अधिवेशनाचें अध्यक्षपद सावरकरांकडे आलें. १९०५ सालीं दादासाहेब खापर्डे यांच्या अध्यक्षतेखालीं सुरू झालेल्या या परंपरेच्या आसनावर त्या खेपेस जो गृहस्थ बसला, तो नाटककार नव्हता, नाटकमंडळीचा मालक नव्हता, किंवा ज्याच्या केवळ नांवावर तिकिटें खपतात असा नायकही नव्हता. साठ वर्षें दुसऱ्यांच्या नाटकांत नेमून दिलेलें काम चोख करणारा तो एक चरित्रनट होता. ही निवड उत्तम झाली, यांत आम्हांस संशय नाहीं. आमचा वाद आहे तो त्या निवडीनंतर आपण काय केलें याविषयीं.

सावरकरांचा जन्म ३ मे १९३६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर येथें झाला. कोंकणांतल्या शेंकडों मुलांप्रमाणें ते मुंबईस आले, नोकरीस लागले, आणि नोकरी सांभाळून नाटकाच्या नादास लागले. आरंभीं त्यांच्या वांट्यास आलीं तीं पडद्यामागचीं कामें. नटवर्य मामा पेंडसे हे त्यांचे सासरे. घरांत एवढा मोठा नट असतां जांवयास झटकन् नायक करून टाकणें कोणास अशक्य वाटलें नसतें. पण सावरकर वाढले ते पायरी-पायरीनेंच. पुढें शंभरांहून अधिक नाटकें झालीं, मराठी व हिंदी चित्रपट झाले, दूरदर्शनच्या मालिका झाल्या. 'एकच प्याला'मधील तळीराम त्यांनीं गाजविला. 'व्यक्ती आणि वल्ली'च्या रंगावतारांत अंतू बर्वा उभा केला. २०११ सालच्या 'सिंघम' या हिंदी चित्रपटांतही त्यांचा चेहरा लोकांनीं पाहिला. २४ जुलै २०२३ रोजीं, वयाची ८७ वर्षें पुरीं करून, ते निवर्तले. आपल्या आत्मकथनास त्यांनीं नांव दिलें 'मी एक छोटा माणूस'.

हें नांव विनयाचें आहे, आणि विनय हा ज्याचा त्यानें दाखवावयाचा असतो. एखाद्यानें स्वतःस लहान म्हटलें म्हणून आपणही त्यास तसेंच मोजावें, ही रसिकता नव्हे. पाहुणा 'थोडेंच वाढा' म्हणाला म्हणून त्याचें ताट अर्धें रिकामें ठेवणारा यजमान आणि असा प्रेक्षक यांत आम्हांस फरक दिसत नाहीं.

आतां या तळीरामाचीच गोष्ट घेऊं, कारण 'दुय्यम' या शब्दाचा पोकळपणा तिच्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाहीं. राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ सालीं, गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. सुधाकराचें काम गणपतराव बोडसांचें आणि सिंधूचें बालगंधर्वांचें. या दोन नांवांच्या तेजांत बाकीचीं पात्रें झांकोळून जावीं हें साहजिक होतें. परंतु नाटकाची घडण पाहा. सुधाकर हा बुद्धिमान वकील. तळीराम हा त्याचा कारकून. अपमानानें पोळलेल्या सुधाकराच्या हातीं पहिला प्याला जातो तो या कारकुनाच्या भरीस घालण्यानें. आर्य मदिरा मंडळाचा संसार चालवितो तोही हाच. म्हणजे ज्या घसरणीवर सबंध शोकांतिका उभी आहे, तिचा पहिला धक्का देणारा हात तळीरामाचा आहे.

आणि हा हात कसा हवा? नटानें तळीराम निव्वळ विनोदी केला, तर प्रेक्षक हंसून घरीं जातात आणि दारू ही मोठी गमतीची वस्तु वाटूं लागते. गडकऱ्यांचा सारा उद्देश फसतो. त्यानें तो निव्वळ खलपुरुष केला, तर सुधाकरासारखा शहाणा माणूस त्याच्या नादीं कसा लागला हेंच कोणास पटत नाहीं, आणि सुधाकर मूर्ख ठरतो. तळीराम एकाच वेळीं हवाहवासा आणि भयंकर वाटला पाहिजे. तो असा वाटेल तेव्हांच सिंधूचे अश्रु खरे होतात. ज्या भूमिकेच्या तोलावर नायक-नायिकांचा तोल अवलंबून आहे, तिला दुय्यम म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

लोकांच्या भाषेनें तर या वादाचा निकाल केव्हांच देऊन टाकला आहे. आज मराठींत दारुड्यास 'तळीराम' म्हणतात. वर्तमानपत्रांतही तो शब्द सर्रास येतो. नायक सुधाकर, दारूनें ज्याचा संसार जळाला तो सुधाकर, पण कोणी दारुड्यास 'सुधाकर' म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं पदरांत घातलेल्या या नांवास ज्यांनीं पिढ्यान्-पिढ्या रक्तमांस दिलें, त्या नटांच्या मालिकेंत सावरकर येतात. जो शब्द भाषेनें आपला मानला, त्याच्या मागील नटास आपण जाहिरातीच्या तळाशीं 'इत्यादि'च्या शेजारीं बसवितों, हा कृतघ्नपणा आहे.

हा दोष केवळ मराठी माणसाचा आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंत चित्रपटांचीं ऑस्कर पारितोषिकें सुरू झालीं तीं १९२९ सालीं. साहाय्यक नटांची आठवण तेथील धुरीणांस झाली ती १९३७ च्या समारंभांत, आणि तेव्हांही कांहीं वर्षें त्यांस सोनेरी पुतळा न देतां नुसती फलकावजा पाटी देत असत. पण त्याच जगांत दुसरेंही उदाहरण आहे. गॉर्डन जॅक्सन हा स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरचा, १९२३ साली जन्मलेला नट. रोल्स-रॉइसच्या कारखान्यांत नकाशे काढण्याची नोकरी करतां करतां तो १९४२ च्या सुमारास चित्रपटांत आला. नायक म्हणून त्याची ख्याति नव्हती. त्याचे सैनिक, शिक्षक, नोकरचाकर हींच त्याचीं कामें. १९७१ पासून 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' या दूरचित्रवाणी मालिकेंत त्यानें हडसन नांवाचा घरांतला मुख्य नोकर केला, आणि मालकांच्या त्या प्रशस्त घरांत प्रेक्षकांस खरा घरधनी वाटूं लागला तो हा हडसन! १९७६ सालीं अमेरिकेनें त्यास एमी पारितोषिक दिलें, आणि १९९० मध्यें तो वारला तोंपर्यंत त्या भूमिकेचें नांव त्याच्या नांवापासून सुटें झालें नाहीं. त्या लोकांनीं नोकराची भूमिका करणाऱ्यास नोकर मानलें नाहीं. आपल्याकडे कोल्हापूरच्या गणपत पाटलांनीं तमाशापटांत नाच्या इतका हुबेहूब केला कीं लोकांनीं नटालाच नाच्या समजून त्याची टवाळी मांडली. नट जितका खरा, तितकी त्याची अवहेलना अधिक, असा हा उफराटा न्याय.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. कोणी म्हणेल कीं, प्रेक्षक पैसे मोजतो तो नायकाच्या नांवासाठीं, तेव्हां अग्रमान त्यासच मिळणार. यावर आमचें उत्तर सोपें आहे. प्रेक्षक नाट्यगृहाच्या दारापर्यंत नांवामुळें येतो हें खरें. पण तीन तास त्यास खुर्चींत बसवून ठेवणें हें एकट्या नांवाचें काम नव्हे. नायक जें बोलतो तें खरें वाटतें, तें समोरचा माणूस तें खरेंखुरें ऐकतो म्हणून. रंगभूमीवर ऐकण्याचें काम बोलण्याहून कठीण आहे, आणि चरित्रनटाचा निम्मा जन्म तें करण्यांत जातो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. मोठा संच घेऊन मुंबईहून मराठवाड्यांत जाणें म्हणजे प्रवास, निवास, जेवणखाण यांचा खर्च. म्हणून निर्माते दोन, तीन किंवा चार पात्रांचीं नाटकें पसंत करतात. अशा नाटकांत चांगलीं नाटकें निपजलीं आहेत हेंही खरें. परंतु सर्वच नाटकें तशीं झालीं तर नट शिकणार कोठें? जुन्या मंडळींत पोरगेलासा मुलगा हातांत तबक घेऊन उभा राहत असे, आणि उभ्या-उभ्या मोठ्या नटाचा श्वास कोठें पडतो हें पाहत असे. पडद्यामागून रंगमंचावर आणि लहान कामांतून मोठ्या कामांत ज्या जिन्यानें सावरकर चढले, तो जिनाच आपण काटकसरीच्या नांवाखालीं काढून टाकीत आहों. उद्यां परांडा-भूम-कळंबकडचा एखादा गुणी मुलगा मुंबईस गेला, तर पहिली पायरी म्हणून पाय ठेवावा असें काय उरलें आहे?

आणि धाराशिवच्या भूमीस तर हा दुजाभाव मुळींच शोभत नाहीं. हा तुळजाभवानीचा जिल्हा. गोंधळ ही त्याच्या रक्तांतली कला. दिवटीच्या उजेडांत संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर नाईक आख्यान लावतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. पण त्या नाईकाच्या शेजारीं उभा राहून भाबडे प्रश्न विचारणारा, मध्येंच कोटी करणारा, कथा अडली कीं तिला ढोसणारा साथीदार क्षणभर वगळून पाहा. आख्यान व्याख्यान होऊन जाईल! आमच्या अक्षरशत्रु म्हणविल्या गेलेल्या पूर्वजांस ही गोष्ट पक्की ठाऊक होती. भरल्या गांवासमोर त्यांनीं दोघांस एकाच उजेडांत उभें केलें. हें ज्ञान विसरण्याचें श्रेय मात्र शिकलेल्यांचें.

म्हणूनच २०१७ सालीं या जिल्ह्यानें एका चरित्रनटास अध्यक्षस्थानीं बसलेलें पाहिलें, ही घटना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. त्याआधींच्या लागोपाठच्या दुष्काळांनीं मराठवाडा होरपळून निघाला होता. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें. त्यानंतर वर्षभरांतच या मुलखानें नाटकाचा उत्सव मांडला. अशा श्रमाचें फळ तीन दिवसांच्या मंडपाबरोबर उतरवून ठेवावयाचें काय? शाल, श्रीफळ आणि हार यांनीं मान होतो, ऋण फिटत नाहीं.

तें फेडण्याचे मार्ग अवघड नाहींत. नाटकाच्या जाहिरातींत प्रत्येक नटाचें नांव त्याच्या भूमिकेसह छापावें. परीक्षणकारांनीं 'इतरांचीं कामें ठीक' हें आळशी वाक्य कायमचें टाकून द्यावें. ठीक म्हणजे कशीं, हें लिहितां येत नसेल तर परीक्षणच लिहूं नये. जिल्ह्याच्या गांवीं आलेल्या नाटकाचा संच छाटलेला असेल, तर संयोजकांनीं व प्रेक्षकांनीं त्याबद्दल रोखठोक विचारावें. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेमुळें हौशी मंडळी अजून मोठ्या पात्रसंख्येचीं नाटकें उभीं करतात. त्यांस तालमीसाठीं जागा आणि चार पैसे मिळतील असें पाहणें हें नगरपरिषदेचें व सुखवस्तु नागरिकांचें काम आहे. आणि धाराशिवकरांनीं एक गोष्ट स्वतःच्या अंगावर घ्यावी: दरवर्षीं मराठी रंगभूमीवरील एका चरित्रनटास किंवा नटीस, नायक-नायिका सोडून, या शहरांत बोलावून जयंत सावरकर यांच्या नांवें पारितोषिक द्यावें. रक्कम लहान असली तरी चालेल.

कुटुंबवत्सल वाचकांसही आमची एक विनंति आहे. यापुढें मुलांना नाटकास न्याल तेव्हां परततांना नायक कसा वाटला हें त्यांस विचारूं नका. चहाचा पेला आणून देणारा म्हातारा आठवतो का, तो कोणत्या हातानें काठी धरीत होता, हें विचारा. ज्या घरांतल्या मुलांस हें सांगतां येईल, त्या घरांतून रंगभूमीस प्रेक्षक मिळतील; आणि असे प्रेक्षक असल्याखेरीज पुढचा सावरकर निपजणें नाहीं.