कळवलं, म्हणजे सुटलो?

सतरा वर्षांची मुलगी समुपदेशन केंद्रात येते. दिवस गेलेत. मुलगा एकोणीसचा. ‘आमचं प्रेम आहे, घरी कळू देऊ नका,’ एवढंच तिचं म्हणणं. समाजकार्यकर्तीने काय करावं? आपल्या क्षेत्रात यावर दोन उत्तरं तयारच असतात, आणि मला दोन्ही अमान्य आहेत.

पहिलं उत्तर कायदेभीरूंचं. २०१२च्या पोक्सो कायद्यात अठराखालच्या मुलीची संमती ग्राह्य नाही. कलम १९ म्हणतं कळवा. कलम २१ म्हणतं, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तेव्हा पोलिसांना फोन लावा आणि मोकळे व्हा. यात नीतीचा प्रश्न येतोच कुठे?

तो फोनच्या आधी येतो आणि फोननंतरही येतो. ही मंडळी कलम १९पाशीच पुस्तक मिटतात. कलम २४ सांगतं की जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हवा तिथे घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाविना. आणि मुलीला रात्री ठाण्यात ठेवू नये. कलम २६नुसार जबाबाच्या वेळी आईवडील नकोत तर तिच्या विश्वासातलं दुसरं माणूस चालतं. बापाच्या धाकात वाढलेल्या मुलीला याचं मोल कळेल, पण ते मागावं लागतं, आणि मागणारं कुणीतरी ठाण्यात हजर लागतं. २०२०च्या नियमांनी बालकल्याण समितीमार्फत सहाय्यक व्यक्तीची सोय केली आहे. तीही आपोआप दारात येत नाही. फोन करून घरी गेलेल्या कार्यकर्तीने कायदा पाळला, काम केलं नाही.

दुसरं उत्तर कनवाळूंचं. गुन्हा नोंदला की मुलगा तुरुंगात, मुलीची बदनामी, आणि बाप मिळेल त्या स्थळाशी लग्न लावणार. म्हणून गप्प बसावं. ही भीती खोटी नाही. २०१२पूर्वी संमतीचं वय सोळा होतं, आणि अठराची रेघ अशा मुलींना जाचते हे मलाही मान्य आहे. ती बदलायची तर संसदेत बदला. बंद खोलीत एका कार्यकर्तीने ती पुसायची नसते, कारण पहिल्याच भेटीत ‘प्रेम’ म्हणणारी मुलगी कुणाला वाचवतेय, हे ओळखता येतंच असं नाही.

या मंडळींचा आवडता आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २०२२चा निकाल. तो नीट वाचावा. गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरने, मुलगी व पालकांनी विनंती केल्यास, तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, एवढीच ती सवलत. कळवण्यातून सुटका डॉक्टरलाही नाही. पुढे २ नोव्हेंबरला त्याच न्यायालयाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या लैंगिक अत्याचार प्रकरणात, न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा रद्द करणारा नागपूर खंडपीठाचा आदेश फिरवला. मुली आदिवासी होत्या, अल्पवयीन होत्या. तिथलं मौन कुणाच्या पथ्यावर पडलं असतं?

मग करावं काय? मुलीने तोंड उघडण्याआधी तिला सांगावं: ‘तुझं बोलणं मी चारचौघांत नेणार नाही. पण अठराखालच्या मुलीशी शरीरसंबंध आल्याचं कळलं, तर मला कळवावंच लागतं.’ यावर आक्षेप ठरलेला, की मग ती बोलणारच नाही. नसेल बोलत. पण ‘कुणालाच सांगणार नाही’ म्हणून सगळं काढून घ्यायचं आणि मग फोन फिरवायचा, ही फसवणूक झाली. काय सांगायचं हे तिने जाणून ठरवावं. ती बोलली, तर आधी विचारावं: आज रात्री राहणार कुठे, घरात जवळचं कोण, कितवा आठवडा? अल्पवयीन मुलीला दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो; आपल्या चालढकलीत गेलेला आठवडा तिच्या हिशेबातून जातो. मग वरिष्ठांशी बोलून त्याच दिवशी कळवावं, कारणांसह नोंद ठेवावी आणि तिच्यासोबत ठाण्यात जावं. चांगल्या मनावर हे भागत नाही, ही कसबं शिकावी लागतात.

समाजकार्य महाविद्यालयांना माझं सांगणं आहे: कलम १९ शिकवाल त्याच तासाला २४ आणि २६ शिकवा, आणि पहिल्या भेटीतली ती वाक्यं प्रत्येक विद्यार्थ्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या.