पेज, लाखोळी आणि विद्यापीठ

दांडेकर-रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याच्या मोजमापासाठी माणशी रोज २२५० उष्मांकांचे मान धरले. हा आकडा मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. तो ताटात कसा उतरावा, हे मात्र एकाही विद्यार्थ्यास शिकविले नाही.

आमचा मौदा भातपट्ट्यातला. येथून नागपूर विद्यापीठात गेलेला शेतमजुराचा मुलगा भाड्याच्या खोलीत भात शिजवितो आणि पेज ओतून देतो. पेजेबरोबर ब-जीवनसत्त्वेही मोरीत जातात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली महाविद्यालयांच्या आवारात निकस खाद्यपदार्थ विकू नयेत, असे बजावले. नुसत्या बंदीने काय साधते, हे आमच्या भागाने लाखोळीच्या डाळीबाबत पाहिले आहे. १९६१ साली राज्यात तिच्यावर बंदी आली. तिच्यात विषद्रव्य आहे, हे खरेच. परंतु पाय लुळे पडत ते महिनोन्‌महिने तिच्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांचे. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकले, तर विष बरेच उतरते. म्हणजे प्रश्न मजुरीचा होता, तसाच शिजविण्याच्या ज्ञानाचाही. बंदीने दोन्ही टाळले.

तेव्हा स्वयंपाक आणि आहाराचे शिक्षण गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींपुरते न ठेवता विद्यापीठात सर्वांना, मुलग्यांनाही, मिळाले पाहिजे. खानावळीत राबणाऱ्या बायांना त्यात शिक्षिकेचा मान आणि मोबदला हवा. मात्र शिष्यवृत्ती रखडवून आहाराचे धडे देणे ही उपाशी माणसाची थट्टा होय. युवक कार्यकर्त्यांनी या दोन्ही मागण्या एकत्रच लावून धराव्यात.