मॅन बघणं म्हणजे कॉपी नव्हे!

परवा रात्री पिंप्राळ्यात लाईट गेली. होस्टेलचं वायफाय बंद, मोबाईलला रेंजची एकच काडी आणि सकाळी सीचं प्रॅक्टिकल. शेजारच्या रूममधला मित्र लॅपटॉप घेऊनच आला. "भो, स्कॅनएफला आकड्याऐवजी अक्षर दिलं की लूप थांबतच नाही. नेट पण नाही. आता?"

मशीनवर उबुंटू होतं, बॅटरी अर्धी होती. टर्मिनलवर मॅन, मग ३, मग स्कॅनएफ असं टाईप केलं. 'रिटर्न व्हॅल्यू' या मथळ्याखाली उत्तर तयार! किती गोष्टी नीट वाचल्या गेल्या तो आकडा स्कॅनएफ परत देतं. अक्षर आलं की शून्य. आणि ते अक्षर इनपुटमध्ये तसंच पडून राहतं, म्हणून पुढच्या फेरीला पुन्हा तेच. "हे माझ्याच मशीनमध्ये होतं?" गडी बघतच राहिला.

होतंच की. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये काढलं, तेव्हापासूनची ही सोय आहे. टर्बो सीवर शिकलेल्या सिनिअर्सना विचारा, शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफवन दाबलं की मदत यायची. तीच ही गोष्ट. फक्त तो ३ विसरू नका. नुसतं मॅन प्रिंटएफ केलं तर शेलच्या कमांडचं पान येतं, आपल्या सीच्या फंक्शनचं नाही. पोरं इथेच वैतागतात. पायथनवाल्यांना पायडॉक आहे, २००१ च्या २.१ आवृत्तीपासून सोबतच येतं.

इंग्रजी रुक्ष आहे, मान्य. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांच्या ते पान अंगावरच येतं. पण सगळं वाचायचं कुणी सांगितलंय? स्लॅश दाबून हवा तो शब्द शोधा, दोन ओळी वाचा, क्यू दाबून बाहेर या. चॅटबॉटही सांगेल, पण तो जगातल्या कुठल्याही आवृत्तीचं सांगतो. मॅनचं पान सहसा आपल्याच मशीनवरच्या आवृत्तीचं असतं.

आता मुद्द्याचं बोलतो. एका प्रॅक्टिकलला माझ्या स्क्रीनवर मॅनचं पान दिसलं आणि "कॉपी करतोस?" म्हणून ते बंद करायला लावलं. क्यूसॉर्टला आधी काय द्यायचं आणि नंतर काय, याचं पाठांतर म्हणजे प्रोग्रॅमिंग का? कंपेअर फंक्शन मलाच लिहायचं होतं, ते मॅन लिहून देत नाही. हां, गेटअ‍ॅड्रइन्फोच्या पानावर अख्खा क्लायंट आणि सर्व्हर लिहिलेला आहे, हे कबूल करतो. नेटवर्क लॅबच्या सरांनी ते पान आधी बघावं आणि प्रश्न बदलावा, इतकंच!

स्टाफला विनंती एकच. नेट खुशाल बंद ठेवा, पण प्रॅक्टिकलच्या सूचनांमध्ये 'मॅन आणि पायडॉक चालेल' ही ओळ टाका.

आणि होस्टेलकरांनो, उबुंटूवर सीच्या फंक्शनची पानं दिसत नसतील तर मॅनपेजेस-डेव्ह हे पॅकेज टाकावं लागतं. माझ्या पेनड्राईव्हवर आहे. रूमवर या, येताना चहा आणा.